सात नंबरच्या दारातले बूट

बूट दाराबाहेर होते, म्हणून मी निर्धास्त होते.

मी आणि माझी लेक केया बाजारातून परतलो तेव्हा दोघींच्या हातात पिशव्या होत्या आणि थंडीने नाकं लाल झाली होती. जिना चढून वर आलो, तर सात नंबरच्या खोलीबाहेर बाबांचे काळे बूट जोडीने ठेवलेले दिसले. मी केयाला खूण केली, हळू. बाबांची दुपारची झोप मोडली की ते संध्याकाळभर जांभया देत बसतात. आम्ही समोरच्या आमच्या आठ नंबरमध्ये शिरलो, दार लावलं आणि मी चक्क पाय पसरून आडवी झाले. कितीतरी दिवसांनी मला कसलीच काळजी नव्हती.

आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. माझा नवरा परीक्षित थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातही ऑन-कॉल होता, म्हणून मीच ठरवलं की बाबांना आणि केयाला घेऊन कुठेतरी जाऊन यायचं. तेरा वर्षांच्या केयाला शाळेत जुन्या अमेरिकेवर प्रोजेक्ट होता. मग पोर्ट्समथ निवडलं. न्यू हॅम्पशरमधलं बंदराचं शहर, नाव इंग्लंडातून आणलेलं, गल्ल्याही तिकडूनच उचलून आणल्यासारख्या. शहराच्या अगदी मधोमध हे जुनं इन, म्हणजे सराईवजा हॉटेल. अडीचशे वर्षांचं, सगळं लाकडी. फोटोत फार देखणं दिसत होतं.

प्रत्यक्षात खोलीची जमीन एका बाजूला कललेली. टेबलावर पेन ठेवलं की ते घरंगळून पलंगाखाली जायचं. दारं इतकी बुटकी की बाबांनी आल्या आल्या कपाळ आपटून घेतलं. कॉरिडॉर जरा सरळ जायचा, वळायचा, मग एक पायरी खाली आणि लगेच उगाचच एक पायरी वर. भिंतींना खालपासून वरपर्यंत निळ्या रंगाच्या फळ्या मारलेल्या. रिसेप्शनवरच्या डोना नावाच्या बाईंना या सगळ्याचा कोण अभिमान! आम्हाला तिन्ही मजले फिरवून दाखवताना त्यांनी फळ्यांवर टकटक केली आणि म्हणाल्या, “यांच्या मागे नोकरांचे जिने आहेत. वरच्या लोकांना नोकर दिसू नयेत म्हणून भिंतीतून बांधलेले. आता सगळे बंद आहेत.”

मी बाबांना मराठीत सांगितलं.

“म्हणजे माणूस भिंतीतून चालायचा?” बाबा म्हणाले. “कमाल आहे!”

मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं. रात्रभर भिंतीतून काही ना काही कुरकुरत होतं. जुनं लाकूड थंडीत आकसतं, हे मलाही कळतं, पण मी डोक्यावरून पांघरूण घेतलं ते घेतलंच.

बाबांना तिथली एक गोष्ट फार आवडली. प्रत्येक खिडकीत एक छोटी मेणबत्ती होती. खरी नव्हे, बॅटरीवरची, पण दिवसरात्र जळती. वाटेवरच्या माणसाला उजेड दिसावा म्हणून इकडची जुनी रीत आहे, असं डोनाने सांगितलं.

“पाहा ना निधी, यांच्यातही खिडकीत दिवा लावून राहिले,” बाबा म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे बूट काढले आणि खिडकीला हात जोडले.

बाबांचं हे असंच. दिवा दिसला की बूट काढायचे आणि हात जोडायचे, मग तो दिवा कोणाचा का असेना. जेवणाच्या हॉलमध्ये शेकोटीच्या वर ओळीने मेणबत्त्या होत्या. तिथेही हा माणूस मोजे घालून उभा, डोळे मिटून. शेजारच्या टेबलावरचे लोक काटे हातात धरून बघत होते.

“बाबा, हे हॉटेल आहे, देऊळ नाही.”

“दिवा तर दिवाच आहे ना.”

खोलीत शिरतानाही आम्ही तिघं बूट बाहेर काढायचो. ती सवय मलाही आहे, तिला मी काही नावं ठेवणार नाही. पहिल्या दिवशी खोल्या आवरायला येणाऱ्या लुसिंडाला वाटलं, कोणी विसरून गेलं. ब्राझीलची हसरी बाई. मी समजावून सांगितल्यावर म्हणाली, “माझी आजीपण असंच करायची.” त्यानंतर येता-जाता ती आमचे बूट नीट लावून ठेवायची. कोणते कोणाचे तेही तिला पाठ झालं.

आणि आता बाबांच्या आवाजाचं सांगायला हवं. बाबा, म्हणजे मोरेश्वर देवतळे, नागपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. तिथला माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. “चंद्रपूऽऽर, वरोराऽऽ, वणीऽऽ!” बाबांनी हाळी दिली की रसवंतीत बसलेला माणूस ग्लास टाकून पळत यायचा. आता कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे तो आवाज आणखी चढलाय. पिस्कॅटवेत आमच्या खालच्या मजल्यावरच्या माणसाने बिल्डिंगच्या ऑफिसात तक्रार केली की वर कोणीतरी पहाटे भांडतं. भांडत कुणी नव्हतं, बाबा नागपूरला फोनवर माझ्या मावशीची तब्येत विचारत होते.

त्या दिवशी सकाळी ब्रेकफास्टला हॉल भरलेला होता. सगळे कसे चमच्याचाही आवाज न करता खात होते. बाबा काउंटरपाशी गेले, झाकणं उघडून पाहिली आणि तिथूनच गरजले, “केयाऽऽ! पोहे नाहीत, पण बटाटे आहेत! ये लवकर!”

अख्खा हॉल वळला. केया टेबलाखाली जाईल की काय असं मला वाटलं. मी उठून गेले, बाबांचा दंड धरला आणि दात-ओठ खाऊन म्हणाले, “बाबा, इथे असं ओरडत नाहीत. लोक बघतात. काहीही झालं तरी ओरडायचं नाही. प्रॉमिस करा मला.”

“बरं बाई,” बाबा म्हणाले.

त्यानंतर ते कुजबुजत बोलायला लागले. जेवताना मीठ मागितलं तेही असं, की मला दोनदा “काय?” विचारावं लागलं. मला त्याचाही राग आला. माझा स्वभावच तसा आहे.

जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, तुम्ही जा बाजारात, मी पडतो जरा. आम्ही गेलो. परत आलो तर बूट दारात.

चहाची वेळ टळली. बाबांची एक वेळ झोप चुकेल, चहा चुकणार नाही. मी दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. कानातलं मशीन काढून झोपले असतील म्हणून खाली जाऊन डोनाकडून जादा किल्ली आणली आणि दार उघडलं.

खोली रिकामी होती.

पलंगावरची चादर जशीच्या तशी, कडेला फक्त बसल्याचा खळगा. खुंटीवर जाड कोट, त्याच्या खिशात हातमोजे आणि माकडटोपी. फोन चार्जिंगला लावलेला. टेबलावर स्टीलची छोटी डबी, तिच्यात कानातलं मशीन. बाथरूमचा दिवा बंद. तरीही मी “बाबा?” असं म्हटलं आणि रिकाम्या खोलीत माझाच आवाज मला विचित्र वाटला.

शतपावली, माझ्या मनात आलं. बाहेर गारठा म्हणून बाबा जेवणानंतर कॉरिडॉरमध्येच फेऱ्या मारायचे. असतील इथेच कुठेतरी. मी केयाला खोलीत थांबायला सांगितलं आणि शोधायला निघाले. खालचा मजला पाहिला, आमचा पाहिला, मग सगळ्यात वरचा. “बाबा… बाबा…” अशी हाक मारत होते, पण कशी? लायब्ररीत मारावी तशी. एका दारावर झोपमोड करू नका अशी पाटी लटकत होती. तिच्यासमोरून तर मी तोंड मिटूनच गेले. वरच्या मजल्याच्या टोकाला कॉरिडॉर संपत होता. तिथे फळ्यांची भिंत, तिच्यावर कुणा गलबताचं चित्र. तिथली हवा जास्त गार होती. मी तिथे जरा थांबले, “बाबा” म्हटलं आणि परत फिरले.

खाली मी जिन्यावरून पळतच आले. कारण तोवर मला कळलं होतं की कोट इथे आहे, टोपी इथे आहे आणि बूटही इथे आहेत. बूट न घालता माणूस जातो कुठे?

डोनाने पुढच्या दाराच्या कॅमेऱ्यात पाहिलं. बाबा त्यात नव्हते. पण मागे बागेकडे उघडणारं एक दार होतं, तिथे कॅमेरा नव्हता. बाग ओलांडली की गल्ली आणि गल्ली थेट नदीवर. डोनाचा चेहरा उतरला. “मी पोलिसांना फोन करते,” ती म्हणाली. माझ्या मनात अजून चहाच होता, आणि ही पोलिसांचं बोलत होती.

पोलीस लगेच आले. एक तरुण, एक पोक्त बाई. बाई नीट बोलत होती, एकेक प्रश्न विचारत होती. ते गोंधळतात का? विसरतात का? नाही. काही आजार? ब्लडप्रेशर. अंगात काय असेल? अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. पायात? मोजे.

“अलीकडे त्यांचं कोणी जवळचं गेलं का?”

“त्यांची बायको,” मी म्हटलं. “माझी आई.”

बाईने त्या तरुणाकडे पाहिलं. एवढंसंच पाहिलं, पण मी ते पाहिलं. आणि त्यांच्या मनात काय आलं ते माझ्याही मनात आलं. आदल्या दिवशी बाबा नदीच्या कठड्याला धरून कितीतरी वेळ उभे होते. तिथलं पाणी भरती-ओहोटीला असं धावतं की बघताना गरगरतं. “पाणी काय धावून राहिलं पाहा,” असं म्हणत होते आणि हलत नव्हते. मीच कंटाळून “चला ना आता” म्हणाले होते. काय पाहत होते ते? मी विचारलं नव्हतं.

“मॉम,” केया माझी बाही ओढत होती. “ही वुडन्ट. आजोबा वुडन्ट डू दॅट, राइट?”

“गप्प बस,” मी तिच्या अंगावर ओरडले आणि तिला जवळ घेतलं.

परीक्षितला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी निघतो, आत्ता ड्राइव्ह करायला लागतो. निधी, हे बघ, घाबरू नकोस यार.” त्याचा आवाज माझ्याहून जास्त घाबरलेला होता.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला होता. नोव्हेंबरात तिकडे चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. पोलीस बॅटऱ्या घेऊन नदीकडे गेले. मला सांगितलं, तुम्ही खोलीपाशी थांबा, ते परत आले तर कोणीतरी हवं. मी सात नंबरच्या दारासमोर जमिनीवर बसले. कॉरिडॉरच्या खिडकीतून तो बॅटऱ्यांचा उजेड पाण्याच्या दिशेने जाताना दिसत होता. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला तर एकही ओळ पुरती आठवेना. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. आईच्या वेळीही नाही, कारण आई जाणार हे आम्हाला आधीच माहीत होतं. डोळे समोरच्या बुटांवर होते.

बुटांची टोकं भिंतीकडे होती.

मी नुसती बघत राहिले. मग गुडघ्यांवर पुढे सरकले. बाबांची बूट ठेवायची एक रीत आहे. टाचा भिंतीला, टोकं बाहेर. “गाडी डेपोत नेहमी उलटी लावावी. निघायच्या वेळी वळवत बसू नये,” असं म्हणत त्यांनी नागपूरच्या घरी आम्हा सगळ्यांना ओरडून ओरडून वळण लावलं. पिस्कॅटवेतही रोज दारातले आमचे सगळे बूट फिरवून ठेवतात. चाळीस वर्षांची सवय. आणि हे बूट तोंड भिंतीला लावून उभे होते. नाड्या आत नीट खोचलेल्या. बाबा नाड्या कधी खोचत नाहीत.

“केया,” मी म्हटलं, “हे बूट आजोबांनी इथे ठेवलेले नाहीत.”

“सो? हू डिड?”

लुसिंडा. आमचे बूट कोणते ते तिलाच माहीत होतं. बाबा बूट घातल्याशिवाय खोलीबाहेर फिरणार नाहीत, म्हणजे त्यांनी बूट दुसरीकडे कुठेतरी काढले, आणि तिने ते उचलून इथे आणून ठेवले. मी धडधडत खाली गेले. डोनाने लुसिंडाला फोन लावला. तिची ड्युटी संपून ती घरी निघाली होती. फोन वाजत राहिला, मग मेसेज ठेवा असं सांगणारी बाई बोलायला लागली.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं. “लावतच राहा.”

पण माझं डोकं आता चालू लागलं होतं. नागपूरचा हा माणूस बूट कुठे काढतो? दिव्यासमोर. आणि लुसिंडा बागेत जात नाही, नदीवर जात नाही. ती या तीन मजल्यांवरच असते. म्हणजे बाबा बाहेर गेलेच नव्हते. ते या घरात होते. मग हाकेला ओ का देत नव्हते? एकदम मला त्या फळ्या आठवल्या, माणसं भिंतीतून चालायची ते आठवलं. भिंतीच्या आत कुठेतरी, या थंडीत, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरात.

मी जिना चढत गेले, केया माझ्यामागे. आमचा मजला, मग वरचा. सगळी दारं बंद. निळ्या फळ्या, निळ्या फळ्या, फळ्यांवर चित्रं. कुठे हात लावू? मी तोंड उघडलं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही, त्या क्षणीही, ती झोपमोड करू नका पाटी दिसली आणि मी तोंड पुन्हा मिटलं.

मग मला नदीवरच्या बॅटऱ्या आठवल्या.

“बाबाऽऽऽ!”

माझा आवाज बाबांचाच आहे. मीटिंगांत म्यूट दाबून दाबून मी तो विसरले होते. “बाबाऽऽ! ओ द्याऽऽ!” मी पाय आपटले, फळ्यांवर मुठी मारल्या. केयानेही सुरू केलं, “आजोबाऽऽ! आजोबाऽऽ!” जुनं लाकूड थडथडायला लागलं. पाटीवालं दार उघडलं, गाऊनमधला एक गोरा म्हातारा बाहेर आला. “मॅम?” आणखी एक दार उघडलं. उघडू देत. मी ओरडत ओरडत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, त्या गलबताच्या चित्रापर्यंत.

“बाबाऽऽऽ!”

“ओ,” भिंतीतून आवाज आला.

घरात बाळ निजलेलं असताना स्वयंपाकघरातून द्यावी तशी ओ. मी कान फळीला लावला.

“बाबा, मोठ्याने! कुठे आहात? ओरडा!”

काही नाही.

“ओरडा म्हणते ना बाबा! ओरडाऽऽ!”

“ओऽऽऽऽ!”

अख्खं चंद्रपूर, वरोरा, वणी त्या ओमध्ये होतं. गाऊनवाला म्हातारा एक पाऊल मागे सरला. चित्राच्या शेजारी, फळ्यांच्याच रंगात रंगवलेलं बुटकं दार होतं. त्याला अंगठ्याने दाबायचा लोखंडी खटका, तोही निळा. मी तो दाबला आणि दार ओढलं.

बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर बसले होते, गुडघे पोटाशी, हात काखेत. ओठ निळे-जांभळे. मागे अंधारा जिना खाली उतरत गेला होता आणि वळणावरच्या छोट्या खिडकीत मेणबत्ती जळत होती. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेनात. मी त्यांना मिठी मारली. अंग इतकं थंड होतं की मी पुन्हा किंचाळले, या वेळी भीतीने.

त्यानंतर ब्लँकेटं आली, डोना धावत आली, अँब्युलन्स आली. त्याच गडबडीत लुसिंडाचा फोन आला आणि सगळं स्पष्ट झालं. दुपारी हीटिंगचा माणूस पाइप बघायला आला होता आणि ते दार उघडं टाकून गेला होता. बाबांना फेऱ्या मारता मारता आत दिवा दिसला. त्यांनी बूट काढले, दिव्यापर्यंत खाली उतरले, हात जोडले. तेवढ्यात लुसिंडा तिथून गेली. दार उघडं दिसलं, म्हणून तिने ते लोटून दिलं. दारात सात नंबरचे बूट दिसले, म्हणून ते उचलून सात नंबरपाशी नेऊन ठेवले. बाबांना दार लागल्याचं ऐकूही आलं नाही. आतून त्या दाराला खटकाच नव्हता आणि खाली जिना विटांनी बंद केलेला.

“आय वॉज ट्राइंग टु बी नाइस,” लुसिंडा फोनवर रडत होती. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही.

हॉस्पिटलमध्ये गरम हवेचं पांघरूण घातल्यावर बाबांच्या ओठांना हळूहळू रंग आला. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळला आहे, एका पायाची बोटं अजून बधिर आहेत, उद्यापर्यंत बघू. आणखी उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. केयाने डबीतून मशीन काढून आजोबांच्या कानात बसवलं आणि त्यांच्या उशीवर डोकं टेकलं. मी त्यांचे पाय माझ्या हातात घेऊन बसले होते.

“बाबा, हाक का नाही मारली?” मी विचारलं. “इतका वेळ! एक हाक मारायची ना!”

बाबा कुजबुजले, “कानात मशीन नव्हतं. मशीन नसलं की आपला आवाज किती मोठा होऊन राहिला ते मला समजत नाही. आणि तू नको म्हटलं होतं.”

“दार तरी वाजवायचं.”

“वाजवलं ना.” त्यांनी पांघरुणातून हात काढला आणि एका बोटाने माझ्या मनगटावर वाजवून दाखवलं. केयाचं दार ते जसं हळूच वाजवतात, तसं. “दाराखालच्या फटीतून उजेड यायचा. एकदा कोणाची तरी सावली आली तिथे, थांबली. मला वाटलं, तूच असशील. मग गेली.”

मी त्यांचे पाय आणखी घट्ट धरले. ती मीच होते. बाबांच्या आणि माझ्यामध्ये एक फळी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं लोकांना त्रास नको म्हणून हळू बोलत होतो.

“ओरडलो मी शेवटी,” बाबा म्हणाले. “तू म्हटलं म्हणून. लोक काही म्हणाले काय?”

“बाबा, मोठ्याने बोला,” मी म्हटलं. “मला ऐकू येत नाहीये.”

खोटं होतं ते. मला एकेक अक्षर ऐकू येत होतं. पण मला त्यांचा तो आवाज हवा होता, अख्ख्या हॉस्पिटलला ऐकू जाईल असा, आत्ताच्या आत्ता.

बाबांनी पडद्यापलीकडच्या पेशंटच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. मला जवळ बोलावलं आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, “अगं, लोक आहेत ना.”